गोधडीखालचा टेप

माझ्या डाव्या कानात हल्ली मशीन असतं. मुलानं हौसेनं आणून दिलं. त्या मशीनला माणसाचं बोलणं आणि ताटवाटीचा आवाज यातला फरक कळत नाही. समोरचा काय म्हणतो ते राहतं बाजूला, आणि तीन खुर्च्या पलीकडे कोणी पापड मोडला की माझ्या डोक्यात भिंत पडते. लग्नाच्या पंगतीतून मी उठतो तो मार खाल्ल्यासारखा. बायको म्हणते, पुन्हा एकदा कान दाखवा. मी दाखवत नाही. मला वाटतं ही शिक्षा आहे, आणि उशिरा का होईना, अगदी बरोबर पत्त्यावर आली आहे. कारण एकोणीस-वीस वर्षांचा असताना मी एका अख्ख्या गावाला गप्प बसवलं होतं. कसं आणि कशासाठी, ते इथं लिहून ठेवतो. लिहिताना स्वतःची बाजू घ्यायचा मोह होईल. वाचणाऱ्यानं तेवढं वजा करून वाचावं.

किन्हीराजात आमचं घर आणि सोनाजीमामाचं घर यांच्यामध्ये एकच मातीची भिंत होती. वडील गेल्यावर माय मला घेऊन भावाकडे आली, तेव्हा मामानं आपल्याच घराला पाठ लावून तिला दोन खोल्या घालून दिल्या. भिंत एवढी पातळ की पलीकडे वच्छलामामीनं फोडणीत मिरची टाकली की ठसका इकडे मायला लागे. पहाटेचा पहिला आवाज मामाच्या गुळण्यांचा. मीठ-हळदीचं कोमट पाणी घशात घोळवत तो सूर लावी, आणि पाणी थुंकल्यावर तोच सूर पुढे तसाच चालू ठेवी, जणू पाणी हा गाण्याचाच भाग. त्यामागून मामीच्या भाकरीची थापथाप, मग कोंबड्या, मग पिठाच्या गिरणीची पुकपुक. अंबाडीच्या भाजीवर लसणाचं तेल, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा हे आमचं बारमाही जेवण. त्यातला ठेचा मामाला गळ्यासाठी बंद. तो चोरून खाई. मामी चुलीपुढून न वळताच म्हणे, "आज ठेचा खाल्ला तुमी. आवाज लाल येऊन राह्यला." आवाजाला रंग असतो हे मला मामीनं शिकवलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण मामाचा गळा ती वर्तमानपत्रासारखा वाचत असे.

मामाची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, खंजेरी आणि मागं सूर ओढणारे दोघं. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-डवरणी करायची आणि कुठं बोलावणं आलं की पेटी सायकलला बांधून निघायचं. भीमगीतं म्हणायचा, दारूवर म्हणायचा, पोरींच्या शाळेवर म्हणायचा. सगळी स्वतः जुळवलेली. त्याची एक रीत होती, आणि पुढचं सगळं त्या रीतीवर अडकलं आहे म्हणून आधीच सांगतो. ओळीचा शेवटचा शब्द तो कधी म्हणत नसे. ओळ वर नेऊन, सगळ्यात उंच जागी नेऊन सोडून देई आणि हात पुढं करी. तो शब्द लोकांचा. समोरची दोनशे माणसं एका दणक्यात तो शब्द म्हणत, बायांच्या बाजूनं बांगड्यांसकट टाळी येई, आणि त्या दणक्यावर पाय ठेवून मामा पुढच्या ओळीत उडी घेई. मला लहानपणी वाटे, लोक गप्प बसले तर हा खाली पडेल. लहानपणी मला पुष्कळ अक्कल होती. ती पुढं गेली.

अक्कल गेली ती आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावात. बारावीत मी गडगडलो आणि माय मला बसनं नेऊन हनीफचाचाच्या दुकानात सोडून आली. चाचा रेडिओ, टेप, पंखे, जे बंद पडेल ते दुरुस्त करत. दोन वर्षांत मी तारांना सोल्डरचा डाग द्यायला शिकलो, टेपचं डोकं स्पिरिटनं पुसायला शिकलो आणि गावात जाऊन आपण इंजिनिअर असल्यासारखं बोलायला शिकलो. चाचांकडे एक जड, चांगला रेकॉर्डिंगचा टेप होता. लग्नं, कव्वाल्या, भाषणं भरून आणायला ते मला पाठवत. त्यांची शिकवण एकच: "बेटा, गाना भरना, भीड नको भरू. टाळी पडली का अंगठा पॉजवर. गाना शुरू, फिरसे दाब, पॉज सुटतो." त्यामुळे माझ्या उजव्या अंगठ्याला असं वळण लागलं की कुठंही टाळी वाजली की तो आपोआप खाली जाई. पुढं माझ्या स्वतःच्या लग्नात अक्षता पडल्यावर टाळ्या झाल्या, तेव्हाही तो खाली गेला होता. बायकोला वाटलं मी तिचा हात दाबला.

पण भीड काही टाळीपुरती थांबत नाही. मामाचे तीन कार्यक्रम मी भरले. शिरपूरचा पहिला. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एक माणूस फुटाणे खातो आहे. तो कोण, हे मला आजही माहीत नाही, पण त्याच्या दाढा मी ओळखीन. दुसरा केनवडचा, त्यात मामा एकदम वरच्या पट्टीत गेलेला असताना माइकच्या खालीच एक बाई तिच्या पोराला विचारते, "सकाळी काहून नाई बसला मंग?" तिसरा पुन्हा शिरपूरचा. त्यात एक म्हातारा खोकतो, आणि खोकला ही अशी गोष्ट आहे की एकानं काढला की सगळ्यांना आपापला आठवतो. वर प्रत्येक ओळीच्या शेवटी तो दोनशे माणसांचा दणका. काटा लाल रेघेपलीकडे जाऊन आपटे आणि आवाज फाटे. मी घरी ऐकून बघितलं आणि लाजेनं मेलो. इंजिनिअर माणसाच्या हातून असा कचरा! मी मामाला म्हटलं, "मामा, तुमी एक दिवस घरात बसून गा न. दार लावून घेऊ. मी आन् तुमी." मामानं टेपला पुढून-मागून न्याहाळलं. "याच्यापुढं गाऊ? हे मान हलवते काय रे?" विषय संपला. आणि मी त्या तिन्ही कॅसेटी पुसल्या. त्यांच्यावर सिनेमाची गाणी भरून त्या दुकानात ठेवून दिल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मलाच वाटलं, एवढ्या घाणीत मामाचा आवाज ठेवण्यापेक्षा नसलेला बरा. तरुणपणी माणसाला असं काही तरी फार थोर वाटत असतं.

त्याच हिवाळ्यात मामाचा आवाज बसायला लागला. मामी म्हणाली, ठेचा बंद करा. ठेचा खरंच बंद झाला, तरी आवाज खरबरीतच. मग मामा मला घेऊन अकोल्याला गेला. मामीला सांगितलं, पेटीचे सूर लावून आणतो. डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं, नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि पुढच्या खेपेला आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं की स्वरयंत्रावर गाठ आहे, नागपूरला जाऊन काढावी लागेल, माणूस वाचेल, आवाज वाचेल असं समजू नका. बाहेर येऊन मामानं रसवंतीवर दोन ग्लास सांगितले. उन्हात बसून बर्फ चावत तो म्हणाला, "मंगळवारी भरती व्हा म्हणते. त्याच्या आधीच्या रविवारी आपल्या विहारावर कार्यक्रम ठिवू. दिवसाउजेडी. रोडग्याचं जेवण करू." मी मान खाली घातली. "भाच्या, वच्छीले सांगू नको. कोनालेच सांगू नको. लोकं रडक्या तोंडानं समोर बसले त मले गाता येणार नाई. रविवार होऊन जाऊ दे. सांजेले मी सोता सांगतो तिले." मी त्याच्या पायाची शपथ घेतली. रसाच्या ग्लासवर माशी बसली होती. ती मला अजून दिसते. शपथेचे शब्द मात्र आठवत नाहीत, यावरून ओळखा.

परत येताना बसमध्ये मला त्या तीन कॅसेटी आठवल्या. फुटाणे, खोकला, शौचाची चौकशी, सगळ्यासकट मामा त्यांत होता, आणि मी तो पुसला होता. आता एकच रविवार उरला. मी ठरवलं की हा रविवार असा भरायचा की त्यात मामाशिवाय दुसरा श्वाससुद्धा नको.

मग मी जे सुरू केलं त्याला गावानं वेड म्हटलं, आणि ते कमीच म्हटलं. गिरणीवाल्याला पाया पडून रविवारी गिरणी बंद ठेवायला लावली. विहाराच्या मागं बांधलेल्या बकऱ्या कुठं न्यायच्या ते ठरवलं. पोरांसाठी गुळाचे खडे आणून ठेवले. फुटाण्यांच्या बाबतीत मी शहाणा झालो होतो. बायांना म्हटलं, टाळ्या वाजवू नका, आणि वाजवल्याच तर बांगड्या वर सरकवून वाजवा. त्यावर शेजारची शेवंताबाई म्हणाली, "हात घरीच ठिवून येतो बाप्पा, मंग त झालं?" टेपच्या मोटारीची घरघर येऊ नये म्हणून मायची जुनी गोधडी त्याच्यावर पांघरायची ठरवली आणि लाल दिवा तेवढा दिसावा म्हणून तिला कात्रीनं भोक पाडलं. मायनं त्या भोकात बोट घालून बघितलं आणि कात्री उचलून आत नेऊन ठेवली.

आदल्या गुरुवारी विहारात नेहमीची वंदना झाली आणि मामानं दोनच गाणी म्हटली. मी टेप लावून बघितला. सगळ्यांना सांगून झालं होतं, हात जोडून झाले होते. आणि तरी पहिल्या ओळीच्या शेवटी तोच दणका. वर टाळ्या, वर शिटी, वर "वा रे सोनाजी!" मामाच्या आवाजात आता चिरा पडल्या होत्या, त्याला दम पुरत नव्हता, आणि जे थोडं उरलं होतं तेही त्या दणक्यात बुडून जात होतं. मी टेप बंद केला. पुसायची खोड मोडली नव्हती, गुरुवारही पुसला. हाती उरले चार दिवस, नव्हे तीन. मला जेवण जाईना. मला झोपेत खोकले ऐकू येत. शुक्रवारी सकाळी नळावर शेवंताबाई गुंडी भरत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "मावशे, तू बायांच्या बाजूनं जरा सांभाळ वं. कोनी आवाज नाई केला पायजे."

"काहून रे, एवढं काय? दरसालचंच त गाणं."

आणि मी सांगितलं. अकोला, गाठ, मंगळवार, सगळं. गुंडी भरून वाहायला लागली तरी ती नळ बंद करेना. मी म्हटलं, "कोनाले सांगू नको." शेवंताबाई म्हणाली, "माया गळ्याची आन." आता लिहिताना मी स्वतःला विचारतो की तुला माहीत नव्हतं का, शेवंताबाईला सांगणं म्हणजे काय ते? तर माहीत होतं. पक्कं माहीत होतं. गावात भोंग्याची काय गरज असं आम्हीच तिच्यावरून म्हणत असू. मला गाव गप्प करायचं होतं, आणि ते कशानं होईल ते मला नेमकं ठाऊक होतं. बाकीच्या चुका मी वयावर ढकलतो. ही ढकलत नाही.

दोन दिवसांत ते घरोघर गेलं, फक्त एका घरी गेलं नाही. मामी नळावर आली की बाया बोलायच्या थांबत. तिला वाटलं, आपल्या कार्यक्रमाचं काही तरी गुपित शिजतं आहे. ती खूष होती.

रविवारी सकाळी अकरा वाजता विहारापुढच्या मांडवात माणूस मावत नव्हता. मागं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता, आणि मामी कोपरापर्यंत पिठात होती. मी भोंग्याच्या माइकशेजारी बांबूला आपला माइक बांधला, टेप बॅटरीवर लावला, गोधडी पांघरली, भोकातून लाल दिवा बघितला. पंचशील झालं. मामा पेटीपुढं बसला. नवा पांढरा सदरा. लोकांना त्यानं जयभीम घातला. लोकांनी हात जोडले, पण आवाज केला नाही. मी कानाला हेडफोन लावून होतो. मला माशी ऐकू आली. विहाराच्या झेंड्याची दोरी बांबूवर आपटते ती ऐकू आली. मी मनात म्हटलं, जमलं.

मामानं पहिली ओळ घेतली. खरबरीत होती, पण हळूहळू वर चढली, अगदी टोकाला गेली, आणि त्यानं हात पुढं करून शेवटचा शब्द सोडून दिला.

कोणी उचलला नाही.

ढोलकीवाला हात वर धरून बसला. मामा हसला, त्याला वाटलं आपलं चुकलं. पुन्हा घेतली ओळ. पुन्हा हात. समोर दोन-अडीचशे माणसं मांडी घालून, मान खाली घालून. बाया तोंडाला पदर लावून. मयतीला बसतात तसे. तिसऱ्यांदा आवाज मध्येच चिरला, आणि चिरला तो हेडफोनात अगदी स्वच्छ ऐकू आला. मामा थांबला. "काय झालं रे तुमाले?" कोणी बोलेना. "अरे, मयतीले आले काय? जिता हाओ न मी अजून!" पुढच्या रांगेतून एक हुंदका आला. मामानं तिकडं बघितलं, मग सगळ्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली, आणि मग वळून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी आज इतकं लिहिलं नसतं. त्यानं नुसतं बघितलं, जसं एखादा आपली सायकल ठेवल्या जागी नाही हे बघतो.

शांतता बघून मामी मागून आली होती, पिठाचे हात पुढं धरून. "काहून बंद झालं गाणं?" शेवंताबाईनं तिला मिठी मारली. "वच्छे, बाई, आता कसं करशीन वं तू?"

"काय करशीन? काय झालं?" मामी शेवंताबाईच्या खांद्यावरून मामाकडे बघत होती. मामापुढं माइक होता. तो दूर सारायचं त्याला सुचलं नाही. त्यामुळे नवऱ्यानं बायकोला चुलीपाशी सांगायची गोष्ट भोंग्यातून गावाला, वावरांना, पार फाट्यापर्यंत ऐकू गेली.

"वच्छे, गळ्यात गाठ हाये. मंगळवारी नागपूरले नेऊन राह्यले. आवाज ठेवतीन का नाई, भरोसा नाई."

मामी उभी राहिली. किती वेळ, ते टेपवर मोजता येतं. मी पुढं पुष्कळदा मोजलं. मग ती म्हणाली, "मंगळवारी न? आज त रविवार हाये."

आणि ती लोकांकडे वळली. दोन्ही हात उचलून तिनं टाळी वाजवली, पीठ असं उडालं की पुढच्या ओळीतले लोक पांढरे झाले. त्या टाळीवर मांडवच उसळला. दोनशे माणसं दोन दिवसांचं दाबलेलं एकदम ओरडली. माझ्या अंगठ्यानं काय केलं ते तुम्हाला कळलंच असेल. टाळी पडली, गोधडीत घातलेल्या हाताचा अंगठा पॉजवर खाली. गाणं सुरू झालं की पुन्हा दाबून पॉज सोडवायचा.

गाणं सुरू झालं. मामानं ओळ वर नेली, हात पुढं केला, शब्द दणक्यात आला, आणि त्या दणक्यावर पाय ठेवून तो असा उडाला की चिरा, खरखर, गाठ, सगळं खाली राहिलं. मी हेडफोन काढून फेकला. तो शब्द मीही म्हणत होतो. जन्मात पहिल्यांदा मी माइकच्या अलीकडे नव्हतो, पलीकडे होतो. दोन तास. प्रत्येक ओळीला मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होतो, आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवणाऱ्याचा अंगठा मोकळा नसतो. मध्ये एकदा गोधडीकडे बघितलं. भोकातून लाल दिवा दिसला. निश्चिंत झालो. आमच्या टेपचा लाल दिवा पॉजमध्येही जळतच राही, हे मी दोन वर्षांत शंभरदा पाहिलेलं होतं.

लोक रोडगे खायला उठले तेव्हा मी गोधडी उचलली. कॅसेटच्या उजव्या चाकावर नखाएवढी फीत गुंडाळलेली होती. अकरा मिनिटं. बाजू पालटायची तर पाऊण तासानं पालटायला हवी होती, ते मला आठवलंही नव्हतं. दुसरी कॅसेट खिशात तशीच कागदात. मी ती गोधडी पुन्हा टेपवर घातली, मग स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि तिथंच बसून राहिलो. माय आली. तिनं गोधडीच्या भोकातून बघितलं. "जेवून घे," म्हणाली.

सोमवारी सकाळी भिंतीपलीकडून गुळण्यांचा आवाज आला, पण मागून सूर आला नाही. मी धावलो. "मामा, एक गाणं. एकच. घरात. पाया पडतो." मामा खाटेवर बसून होता. त्यानं तोंड उघडलं. नुसता वारा आला. होतं नव्हतं ते सगळं त्यानं रविवारी देऊन टाकलं होतं. मी बसनं मालेगावला गेलो. तिन्ही जुन्या कॅसेटी दुकानात होत्या. चाचांपुढं ठेवल्या आणि म्हटलं, चाचा, पुसलेलं परत येतं का? चाचांनी एक लावून बघितली. सिनेमाचं गाणं लागलं. "बेटा," ते म्हणाले, "भीडमें था, तो था." आणि मला चहा सांगितला.

मंगळवारी मामा नागपूरला गेला. मी महिनाभर कोणाला खरं सांगितलं नाही. लोक विचारत, झाला का टेप? मी म्हणे, सफाई चालू आहे.

मामा परत आला तो गळ्याला पांढरी पट्टी आणि मध्ये श्वासाचं भोक घेऊन. शाळेच्या पोराची पाटी त्याच्या गळ्यात दोरीनं अडकवलेली. दुसरीपर्यंत शिकला होता, अक्षर मोठं आणि वळणदार. पहिल्याच दिवशी त्यानं पाटीवर लिहिलं: टेप लाव. मी म्हटलं, बॅटरी नाही. दुसऱ्या दिवशी ते पाटीवर तसंच होतं, पुसलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो आणि खाटेच्या कडेला बसून, जमिनीकडे बघत सगळं सांगितलं: शेवंताबाई, अंगठा, टाळ्या, लाल दिवा. मामानं ऐकून घेतलं आणि पाटीवरच्या दोन शब्दांवर खडूनं टकटक केलं. टेप लाव.

लावला. काय स्वच्छ आला होता! झेंड्याची दोरी, माशी, लांबवर एक कावळा. मामाचा आवाज असा की जसा शेजारी बसून. ओळ वर गेली, टोकाला गेली आणि लटकली. तेवढ्यात चुलीपुढून, भाकर थापता थापता, मामी तो शेवटचा शब्द म्हणाली. तिला कळलंही नाही. दुसऱ्यांदा ओळ लटकली, पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा आवाज चिरला तेव्हा तिचा हात थांबला. मग 'काय झालं रे तुमाले', मग 'जिता हाओ न मी अजून', मग गाठ, मग ती लांब शांतता, मग मामीचाच आवाज, आज त रविवार हाये, पिठाची एक टाळी, आणि खट्. पुढं नुसती सूऽऽ.

मी मान वर केली. मामाचे खांदे हलत होते. त्याला आता हसण्याचाही आवाज नव्हता, रडण्याचाही नव्हता, त्यामुळे ते कोणतं, हे मला कळायला मार्ग नव्हता. गळ्याच्या भोकातून फुस्स फुस्स वारा येत होता. मग त्यानं बाहीनं पाटी पुसली आणि सावकाश, वळण देऊन काही लिहिलं आणि माझ्यापुढं धरलं. मी मनातल्या मनात वाचलं आणि टेप बंद केला.

"काय लिहिलं त्याईनं?" मामी म्हणाली. "मले कोठी वाचता येते? मोठ्यानं वाच न."

मामा पाटी धरूनच होता. खडूच्या टोकानं त्यानं मला खूण केली, वाच.

मग मी वाचलं. "आवाज साफ आला."